जुन्या लढाऊ विमानांचा स्वभाव आणि त्याचे अनुकरण

संग्रहालयातील तलवार हाती घेतली, तर तिच्या वजनावरून व मुठीवरून ती चालविणाऱ्या हाताची थोडीबहुत कल्पना करता येते. विमानाची गोष्ट निराळी आहे. दिल्लीस पालम येथील वायुसेनेच्या संग्रहालयात स्पिटफायर जातीचे लढाऊ विमान उभे आहे. ते कितीही निरखून पाहिले, तरी हवेत ते कसे वळत असे, कोणत्या क्षणी वैमानिकाचे ऐकत असे आणि कोणत्या क्षणी त्याच्यावर उलटत असे, हे त्याच्या पत्र्यावरून कळत नाही. विमानाचा स्वभाव हवेतच प्रकट होतो. जमिनीवर उरतो तो केवळ त्याचा देह.

हा हरवलेला स्वभाव पुन्हा जागा करण्याचा उद्योग गेली कित्येक वर्षे जगात चालू आहे. त्याचे साधन म्हणजे सिम्युलेटर, अर्थात उड्डाणाचे अनुकरण करणारे यंत्र. आज घरातल्या मेजावर संगणक मांडून एखादा मुलगा १९१७ सालचे सॉपविथ कॅमल किंवा १९४० सालचे मेसरश्मिट चालवू शकतो. पडद्यावर ढग सरकतात, एंजिनाची घरघर ऐकू येते, काटे हलतात, आणि चूक झाली तर विमान कोसळते. श्रोतेहो, आजच्या भाषणात मला एवढेच विचारावयाचे आहे की, हे अनुकरण कितपत खरे? त्यातून आपणास इतिहास कळतो, की इतिहासाचा केवळ आभास होतो?

अशा यंत्रांची कल्पना काही नवी नाही. विमानविद्या बाल्यावस्थेत असतानाच, १९१० च्या सुमारास, फ्रान्समधील आंत्वानेत या कारखान्याने नवशिक्यांसाठी एक गमतीदार साधन बनविले होते. अर्धे कापलेले पिंप दुसऱ्या अर्ध्या पिंपावर बसविलेले. वरच्या पिंपात उमेदवार बसलेला. आणि बाजूला उभे राहून ते पिंप हेलकाविणारे त्याचे शिक्षक. उमेदवाराने हाताजवळची चाके फिरवून तोल सावरावयाचा, एवढाच तो पाठ होता.

पुढे १९२९ साली अमेरिकेत एडविन लिंक नावाच्या तरुणाने या कल्पनेला खरे रूप दिले. बिंगहॅम्टन या गावी त्याच्या वडिलांचा पियानो व ऑर्गन बनविण्याचा कारखाना होता. आपल्या हार्मोनियमला जसा भाता असतो, तसे भाते त्याने एका लहानशा लाकडी विमानाखाली बसविले, आणि हवा खेचून घेणाऱ्या पंपाच्या साहाय्याने ते विमान डावीउजवीकडे कलू लागले, नाक वर-खाली करू लागले. प्रारंभी त्याला गिऱ्हाईक मिळाले ते करमणुकीच्या बागांत. परंतु १९३४ साली अमेरिकेत टपाल वाहून नेण्याचे काम सैन्याच्या वैमानिकांकडे सोपविण्यात आले. हिवाळ्याचे दिवस, ढगांनी कोंदलेले आकाश, आणि केवळ काटे पाहून विमान चालविण्याचा सराव नाही, अशा स्थितीत काही आठवड्यांतच अनेक वैमानिक प्राणास मुकले. तेव्हा सैन्याने लिंकची सहा यंत्रे विकत घेतली. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीपर्यंत अशी सुमारे दहा हजार यंत्रे तयार झाली, आणि मित्रराष्ट्रांच्या लाखो वैमानिकांचे प्राथमिक धडे त्या निळ्या पेटीत गिरविले गेले.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. लिंकची पेटी अमुक एका लढाऊ विमानासारखी वागते असा दावा कोणी केला नव्हता. बाहेरचे काही दिसत नसताना काट्यांवर विश्वास कसा ठेवावा, हे ती शिकवीत असे. तिचे खरेपण तिच्या मर्यादेत होते. आजच्या यंत्राची महत्त्वाकांक्षा मात्र फार मोठी आहे. ते म्हणते, मी स्पिटफायरच आहे. म्हणून त्याच्याकडे पुरावा मागणे आपणास प्राप्त होते.

हा पुरावा गणिताचा आहे. वेल्समधील गणितज्ञ जी. एच. ब्रायन यांनी १९११ साली विमानाच्या स्थैर्यावर एक ग्रंथ लिहिला. विमानावर हवेचे जोर कसे पडतात आणि त्यामुळे ते कसे कलते, वळते, डोलते, हे त्यांनी समीकरणांत बांधले. विमाने जेमतेम उडत होती, त्या काळात लिहिलेली ती समीकरणे आजही या विद्येचा पाया आहेत. पुढे अमेरिकेत रॉबर्ट गिलरुथ यांनी अनेक विमानांची मोजमापे घेऊन, 'चालविण्यास चांगले विमान' म्हणजे नेमके काय, हे १९४३ च्या आपल्या प्रसिद्ध अहवालात आकड्यांनिशी मांडले. दांडा किती इंच सरकविला असता, किती पौंड जोर लावला असता, विमानाने किती उत्तर द्यावे, याची ती मोजणी होती. वैमानिक ज्याला 'हाताला लागणे' म्हणतो, त्या अनुभवाला अशा रीतीने प्रथमच मापाची भाषा मिळाली. आज संगणक तीच गणिते क्षणोक्षणी सोडवितो. १९८० च्या सुमारास ब्रूस आर्टविक यांनी घरगुती संगणकासाठी उड्डाणाचा कार्यक्रम लिहिला. १९८२ साली त्याची सुधारलेली आवृत्ती मायक्रोसॉफ्टच्या नावाने निघाली. आणि २००१ साली रशियात तयार झालेल्या इल्यूशिन-२ या विमानाच्या नावाच्या कार्यक्रमापासून महायुद्धातील विमानांचे सूक्ष्म अनुकरण घरोघर पोचले.

आता ही गणिते जुन्या विमानांना कितपत न्याय देतात, ते दोन-तीन उदाहरणांवरून पाहू.

पहिले उदाहरण सॉपविथ कॅमलचे. पहिल्या महायुद्धातील हे इंग्रजी विमान शत्रूला जितके भारी, तितकेच नवशिक्यालाही घातक होते. सरदार हरदितसिंग मलिक हे हिंदी वैमानिक १९१७ साली हेच विमान घेऊन लढले. त्याच्या एंजिनाचा प्रकार विचित्र होता. एंजिनाचा मधला दांडा विमानाला पक्का बसविलेला, आणि सभोवतालचे सारे धूड पंख्याबरोबर गरगर फिरणारे. फिरता भोवरा बोटाने ढकलला, तर तो ढकलल्या दिशेला न जाता बाजूला वळतो, हे आपल्याकडे मुलांनाही ठाऊक आहे. कॅमलच्या नाकावर असाच एक जड भोवरा अहोरात्र घोंघावत असे. त्यामुळे उजवीकडे वळताना विमानाचे नाक खाली जाई, डावीकडे वळताना वर येई. निष्णात वैमानिक या गुणाचा शस्त्रासारखा उपयोग करी; नवखा मात्र जमिनीजवळच गिरकी खाऊन मरण पावे. शिकविताना हानी इतकी होऊ लागली की, पुढे काही कॅमल विमानांत शिक्षकासाठी दुसरी बैठक बसवावी लागली.

हा गुण आजचे यंत्र चांगल्या रीतीने दाखवू शकते. एंजिनाचे वजन आणि त्याचा वेग ठाऊक असला, की भोवऱ्याचे गणित चुकत नाही. परंतु त्या एंजिनाला वंगण म्हणून एरंडेल वापरीत, आणि ते जळके एरंडेल वैमानिकाच्या तोंडावर उडत असे. उघड्या बैठकीतला गारठा, तेलकट चष्मा, मळमळणारे पोट आणि त्यातच तो उलटा वळणारा भोवरा, हे सारे मिळून 'कॅमल चालविणे' होते. यंत्र त्यातला भोवरा देते, बाकीचे देत नाही.

दुसरे उदाहरण अधिक बोलके आहे. ते स्पिटफायर आणि जर्मनीचे मेसरश्मिट १०९ या जोडीचे. ५ मार्च १९३६ रोजी प्रथम उडालेल्या स्पिटफायरशी आपल्या श्रोत्यांपैकी काहींच्या गावांचे नाते आहे. निजामांच्या देणगीमुळे 'हैदराबाद' हे नाव लाभलेली ब्रिटिश वायुसेनेची १५२ क्रमांकाची तुकडी १९४० च्या लढाईत स्पिटफायर घेऊन लढली, आणि १९४१ साली उभ्या राहिलेल्या १२४ क्रमांकाच्या तुकडीच्या नावात 'बडोदे' होते. १९४४ च्या अखेरीस ब्रह्मदेशाच्या आघाडीवर भारतीय वायुसेनेच्या वैमानिकांच्या हातीही हे विमान आले.

या दोन विमानांत श्रेष्ठ कोणते, हा वाद ऐंशी वर्षांहून अधिक काळ चालू आहे. त्या वादातला एक मोलाचा पुरावा असा. १९३९ च्या नोव्हेंबरात एक मेसरश्मिट फ्रान्समध्ये उतरले आणि सुस्थितीत हाती लागले. पुढच्या मे महिन्यात ते इंग्लंडला देण्यात आले, आणि फार्नबरो येथील संशोधन संस्थेत त्याची कसून परीक्षा झाली. तेथील अहवाल म्हणतो की, ताशी ४०० मैल वेगाने जात असताना पंखांच्या टोकांशी असलेल्या झडपा इतक्या जड होत की, वैमानिकाने सारी शक्ती पणाला लावली तरी दांडा त्याच्या पूर्ण अंतराच्या जेमतेम एक-पंचमांश सरके, आणि विमान ४५ अंश कलण्यास सुमारे चार सेकंद लागत. विशेष म्हणजे त्या काळच्या स्पिटफायरचीही या बाबतीत तीच गत होती. पुढे कापडाच्या जागी धातूच्या झडपा आल्या, तेव्हा स्पिटफायरचा हा दोष बराच उणावला.

आता मेजावरील अनुकरणयंत्राकडे वळू. त्याच्या दांड्याला एक लहानशी कमान असते. विमान ताशी शंभर मैलांनी चालले असो वा चारशेंनी, तिचा जोर तोच राहतो. मुलगा दोन बोटांनी दांडा टोकापर्यंत नेतो. आत गणित करणाऱ्या संगणकाला फार्नबरोचा अहवाल ठाऊक असतो. म्हणून पडद्यावरची झडप तो एक-पंचमांशच हलवितो, आणि विमान चार सेकंदांनी कलते. निकाल बरोबर आला. पण त्या निकालामागचे दंड, खांदे, घामाने निसटणारी पकड आणि अरुंद बैठकीत कोपर हलविण्यास नसलेली जागा नाहीशी झाली. मुलाला वाटते, विमान मंद आहे. खऱ्या वैमानिकाला वाटे, आपली शक्ती संपत आली आहे. आकडा एकच असला, तरी अनुभव दोन आहेत.

वळण्याच्या बाबतीत तर आणखी सावधगिरी हवी. बारा हजार फुटांवर उंची न गमावता घेता येणाऱ्या सर्वांत लहान वळणाची त्रिज्या स्पिटफायरची ६९६ फूट आणि मेसरश्मिटची ८८५ फूट, असे फार्नबरोच्या तज्ज्ञांनी काढले. हे आकडे आज असंख्य अनुकरणांच्या मुळाशी आहेत. परंतु ते आकाशात दोरी धरून मोजलेले नव्हते. त्यांतही गणित होते. शिवाय मेसरश्मिटच्या पंखांच्या पुढच्या कडेला वेग घटताच आपोआप उघडणाऱ्या पट्ट्या होत्या. त्या एकाच वेळी न उघडल्यास दांड्याला हिसका बसे, आणि नवखा वैमानिक वळण सैल करी. मुरलेला मात्र त्या हिसक्याच्या पलीकडे जाई. तेव्हा 'मेसरश्मिट किती वळते?' या प्रश्नाचे उत्तर 'कोणाच्या हातात?' हे विचारल्यावाचून देता येत नाही. यंत्र मात्र एकच आकडा घेऊन बसते, कारण त्याला एक आकडा द्यावाच लागतो.

असे असूनही हे यंत्र इतिहासाच्या अभ्यासकाला खरोखर उपयोगी पडते, ते कोठे? स्पिटफायरच्या मर्लिन एंजिनाचा कार्बुरेटर असा होता की, विमानाचे नाक एकाएकी खाली ढकलले तर इंधनाचा पुरवठा विसकटून एंजिन धापा टाकी. जर्मन एंजिनात इंधन थेट फवारले जात असल्याने त्याला ही अडचण नव्हती. म्हणून मेसरश्मिट सरळ खाली सूर मारी, आणि त्याचा पाठलाग करणारा ब्रिटिश वैमानिक आधी विमान उलटे करून मगच खाली वळे. १९४१ साली बिॲट्रिस शिलिंग या कर्तबगार स्त्री-अभियंत्याने इंधनाच्या नळीत बसविण्याची, नेमके भोक असलेली एक छोटी पितळी चकती शोधून काढली, आणि हा दोष पुष्कळसा आटोक्यात आणला. जुन्या आठवणींत 'मी विमान उलटे केले' असे वाक्य आपण वाचतो आणि त्याला शौर्याचा अलंकार समजून पुढे जातो. अनुकरणयंत्रावर एकदा नाक खाली दाबून एंजिन घुसमटलेले ऐकले, म्हणजे कळते की तो अलंकार नव्हता. ती निकड होती. यंत्र इतिहास सांगत नाही, पण इतिहासातील वाक्याचा अर्थ उलगडून दाखविते.

याच्या पुढे मात्र एक कुंपण आहे, आणि ते शरीराचे आहे. वेगाने वळताना वैमानिकाचे वजन चौपट-पाचपट होते. पाच किलोंचा हात पंचवीस किलोंचा होतो, डोक्यातील रक्त खाली ओढले जाते, दृष्टी करडी होते आणि मग काळोख पसरतो. घरचे यंत्र या वेळी पडदा काळा करते. मोठमोठ्या संस्थांतील अनुकरणयंत्रे सहा पायांच्या हलत्या चौथऱ्यावर बसविलेली असतात. ती वैमानिकाला मागे कलवून, गुरुत्वाकर्षणाच्याच साहाय्याने, वेग वाढल्याचा भास निर्माण करतात. परंतु ते पाच-सहा पट वजन अशा चौथऱ्यावर टिकवून धरता येत नाही. स्पिटफायरच्या पंखांना दिलेला किंचित पीळ असा होता की, वळण फार आवळले तर पंखाचा बुंधा आधी हवेचा आधार सोडी आणि सारे विमान थरथरू लागे. ती थरथर म्हणजे वैमानिकाला मिळालेली सूचना. तिच्या काठावर विमान धरून ठेवणे, हेच त्याचे कौशल्य. ती थरथर तो पाठीने, मांड्यांनी ऐकत असे. पडद्यावर ती चित्राचे हालणे म्हणून दिसते आणि कर्ण्यातून खडखडाट म्हणून ऐकू येते. मग जे अंगाने जाणावयाचे, ते डोळ्यांनी वाचावे लागते.

मग या अनुकरणाची परीक्षा तरी कोणी करावी? प्रवासी विमानाचे अनुकरणयंत्र वापरात आणण्यापूर्वी, खऱ्या उड्डाणात नोंदलेल्या आकड्यांशी ते पदोपदी पडताळून पाहतात. १९४० च्या विमानांविषयी असा परिपूर्ण नोंदसंग्रह उपलब्ध नाही. आहेत ते युद्धाच्या घाईत केलेले अहवाल, वैमानिकांसाठी छापलेल्या सूचना, आणि आठवणी. विमान कोणत्या इंधनावर, किती दाबावर चालविले, यावरही फळ पालटते. १९४० मध्येच उत्तम प्रतीच्या इंधनामुळे स्पिटफायरच्या एंजिनाला पूर्वीपेक्षा बराच अधिक दाब सोसू लागला होता. ब्रिटिश वायुसेनेच्या १९५७ पासूनच्या स्मारक तुकडीत काही विमाने आजही उडतात. पण ती वारसा म्हणून जपून उडविली जातात. मरणाच्या भीतीने ती कशी पिळली जात, हे त्यांना आज कोणी विचारू शकत नाही, आणि विचारूही नये.

ज्यांना विचारता आले असते, ती माणसेही गेली. ४८७ प्रकारची विमाने चालविलेले, शत्रूच्या विमानांचीही परीक्षा घेतलेले कॅप्टन एरिक ब्राऊन २०१६ साली वारले. १९४० च्या त्या लढाईत ब्रिटनच्या बाजूने लढलेल्या वैमानिकांपैकी अखेरचे, जॉन हेमिंग्वे, २०२५ च्या मार्चमध्ये १०५ व्या वर्षी निवर्तले. यापुढे 'होय, असेच होते' किंवा 'छे, असे नव्हते' असे स्वानुभवाने सांगणारा कोणी उरला नाही. प्रश्न खरा येथे आहे. साक्षीदार गेल्यावर त्यांची नक्कल हीच साक्ष मानली जाऊ लागते. ज्या पिढीने स्पिटफायर केवळ पडद्यावर चालविले, तिला पडद्यावरचेच स्पिटफायर मूळ वाटणार, आणि एखादा जुना अहवाल त्याच्याशी जुळला नाही, तर ती अहवालालाच खोटे ठरविणार.

माझ्या वर्गातील एका विद्यार्थ्याने मला एकदा मोठ्या अभिमानाने सांगितले, "सर, मेसरश्मिट उतरविणे लोक म्हणतात तितके अवघड नाही. मला सहज जमते." त्या विमानाच्या चाकांचे पाय बुंध्याशी अगदी जवळ जवळ, बाहेरच्या बाजूस फाकलेले असत, त्यामुळे धावपट्टीवर ते एकाएकी गिरकी घेई, आणि कितीतरी विमाने व माणसे लढाईवाचूनच कामास आली. मी त्याला विचारले, "जमण्याआधी किती वेळा कोसळलास?" तो हसून म्हणाला, "असेन वीस-पंचवीस वेळा." मग क्षणभर थांबून तो स्वतःच गप्प झाला. मला अधिक काही सांगावे लागले नाही. एकोणीस-वीस वर्षांच्या ज्या मुलांनी ते विमान प्रथम उतरविले, त्यांच्यापैकी अनेकांना दुसरी खेप मिळाली नाही.

तेव्हा मूळ प्रश्नाचे उत्तर असे देता येईल. अनुकरणयंत्र हे कोर्टातील साक्षीदारासारखे नाही. ते साक्षीदारांच्या जबान्या वाचून दाखविणाऱ्या कारकुनासारखे आहे. जबानी नीट नोंदली गेली असेल, तेथे कारकून बरोबर वाचतो. भोवऱ्याचा ओढा, एंजिनाचे घुसमटणे, झडपांचा जडपणा यांविषयी त्याच्यावर पुष्कळ विश्वास ठेवावा. जेथे कागद कोरा आहे, तेथे तो अंदाजाने वाचतो, आणि त्याचा आवाज मात्र तितकाच ठाम असतो; तेथे आपण कान टवकारावेत. आणि जे कागदावर कधी उतरलेच नाही, ते त्याच्याकडे मागू नये.

घरातल्या मुलाने हे यंत्र हाताळावे की नाही? माझ्या मते अवश्य हाताळावे. पुस्तकाने जे कळत नाही असे पुष्कळ त्याला त्यातून कळेल. मात्र त्याच्याशेजारी वडीलधाऱ्यांनी दोन प्रश्न ठेवावेत: 'हा आकडा कोठून आला?' आणि 'तुझ्याजागी खरा वैमानिक असता, तर त्याला पुन्हा आरंभ करता आला असता काय?' पहिला प्रश्न त्याला इतिहासाकडे नेईल, दुसरा माणसाकडे. त्या लढाऊ विमानांचा स्वभाव शोधावयाचा तो शेवटी त्यांत बसलेल्या तरुणांसाठीच, हे त्याला उमगले म्हणजे यंत्राचे श्रम सार्थकी लागले.